फूटपट्टीच्या खाली बघायचं नाही

माझ्या टेबलावर एक लाकडी फूटपट्टी आहे आणि तिच्यावर एकही आकडा नाही. कधीकाळी असावेत, पण बोटांच्या घामानं आणि शाईच्या डागांनी ते कधीच गेले. ऑफिसात नवीन लागलेली मुलं ती उचलतात, उलटीसुलटी करून बघतात आणि विचारतात, "मॅडम, हिचं काय करता तुम्ही?" मी सांगते, "बेरीज करते." मग ती एकमेकांकडे बघतात. बघू देत. या फूटपट्टीच्या मालकाकडे पहिल्या दिवशी मीही असंच बघितलं होतं.

मालकाचं नाव सांगून उपयोग नाही, कारण कारखान्यात त्यांना नावानं कोणी ओळखतच नव्हतं. तोंडावर सगळे तात्या म्हणायचे आणि पाठीमागे 'आजअखेर'. साखर कारखान्यात रोज सकाळी गेटजवळच्या काळ्या बोर्डावर आदल्या दिवसाचे आकडे लिहायची पद्धत असते. ऊस किती गाळला, साखरेची पोती किती भरली, उतारा किती पडला, म्हणजे उसातून साखर किती टक्के निघाली. प्रत्येक आकड्याशेजारी दुसरा रकाना असतो, त्याच्यावर लिहिलेलं असतं 'आजअखेर'. म्हणजे हंगाम सुरू झाल्यापासून आजपर्यंत एकूण किती. हा रकाना मी लागले तोवर तात्यांनी तेवीस हंगाम सांभाळला होता, आणि सांभाळता सांभाळता तो त्यांच्या जिभेवर जाऊन बसला.

"तात्या, तब्येत कशी आहे?" असं विचारलं की उत्तर यायचं, "आजअखेर बरी हाय." मुलं किती? "आजअखेर दोन लेकी, एक ल्योक." हे सांगताना त्यांची थोरली लेक स्वतः आजी व्हायच्या बेतात होती, पण तात्यांनी रकाना बंद केला नव्हता. कँटीनमधला पोऱ्या मुद्दाम विचारायचा, "तात्या, काकी भांडत्यात का हो?" तात्या चहाची बशी खाली ठेवून गंभीरपणे म्हणायचे, "आजअखेर दोन टायमाला वाढलंय. उद्याचं मला म्हाईत न्हाय." सगळं कँटीन हसायचं. तात्या हसायचे नाहीत, कारण त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसायचंच नाही.

उद्याविषयी बोलायचं झालं, तर त्यांच्याकडे वेगळं हत्यार होतं. उजव्या कानावर पेन्सिल आणि खिशाला निळा पेन. जे घडून गेलं ते पेनानं, जे घडायचंय ते पेन्सिलीनं. लग्नाची पत्रिका आली की टेबलावरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर पेन्सिलीनं नाव पडायचं. लग्नाला जाऊन, जेवून, आहेर देऊन आले की दुसऱ्या दिवशी तेच नाव पेनानं गिरवायचे. एकदा एक लग्न ऐन हळदीच्या दिवशी मोडलं. सगळे हळहळले. तात्याही हळहळले, मग त्यांनी खोडरबर काढलं आणि कॅलेंडर साफ करून म्हणाले, "बरं झालं, पेनानं लिवलं न्हवतं."

मी तिथं लागले ते नव्वदच्या दशकात, कारखान्यानं पहिला कंप्युटर घेतला तेव्हा. मी पणदऱ्याची. बारामतीत एका साडीच्या दुकानावरच्या खोलीत सहा महिन्यांचा कंप्युटरचा कोर्स केला होता, आणि तेवढ्या भांडवलावर मला वाटत होतं की जगातलं सगळं मला येतं. कारखान्याची आकडेवारीची खोली म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि एक पंखा. त्यातलं एक टेबल तात्यांचं. दुसऱ्यावर कंप्युटर, अंगावर नक्षीचं कापड पांघरून. दसऱ्याला त्याला घातलेला झेंडूचा हार वाळून तसाच होता, कारण त्याला हात लावायची कोणाची छाती झाली नव्हती.

नेमणूक तीन महिन्यांची, कच्ची. हंगामात काम बरं झालं तर पुढं बघू, असं एम.डी. साहेब म्हणाले होते. आमच्या आप्पांनीही मला तीन महिनेच दिले होते. इंदापूरचं एक स्थळ त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. "नोकरीत कायम झालीस तर आपून थांबू," ते म्हणाले, "न्हायतर संक्रांतीनंतर पाव्हणं बघायला येतील." आप्पा शब्दाचे पक्के होते, दोन्ही बाजूंनी. त्यामुळं ती नोकरी माझ्यासाठी नुसती नोकरी नव्हती. ती गेली असती तर माझं घराबाहेरचं सगळं आयुष्यच गेलं असतं.

पहिल्या दिवशी मी हजेरीचं मस्टर उघडलं. ते तात्यांच्या ताब्यात असायचं. माझं नाव शेवटच्या ओळीत होतं, पेन्सिलीनं लिहिलेलं. मला झोंबलं.

"तात्या, माझंच नाव पेन्सिलीत का?"

"कच्ची मानसं पेन्सिलीत," ते मान वर न करता म्हणाले. "पक्की झालीस का पेनानं लिवू."

मी ठरवून टाकलं की या म्हाताऱ्याशी आपलं जमायचं नाही.

म्हातारा तरी किती, अठ्ठावन्नला दोन वर्षं कमी. पण त्या वयात मला चाळिशीच्या पुढचे सगळे सारखेच दिसायचे. ते शेळगावहून लुनावर यायचे. धोतर, पांढरी टोपी, पायात जाड वहाणा. माझ्या टेबलाजवळ यायचं झालं तर वहाणा काढून यायचे, कारण कंप्युटर आला तेव्हा कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की त्याला धूळ चालत नाही. बाकीचे लोक बूट घालून खुशाल यायचे. तात्या मात्र हंगामभर अनवाणी आले.

त्यांचं काम बघायला मला आधी कंटाळा यायचा आणि नंतर मी चोरून बघू लागले. त्यांच्या रजिस्टरात हंगामाच्या पहिल्या दिवसापासून मार्चअखेरपर्यंत रोजची एक ओळ आधीच आखलेली असायची. प्रत्येक ओळीत त्या दिवशी किती पोती निघतील याचा अंदाज, पेन्सिलीनं. कारखान्याचा दिवस पहाटे चारला संपतो, तेव्हा पाळी बदलते. चारला दिवस मिटला की गोदामातून खरा आकडा यायचा. तात्या सकाळी तो अंदाजावर पेनानं लिहायचे. मग ही फूटपट्टी त्या ओळीच्या बरोबर खाली लावायचे आणि वरच्या सगळ्या ओळींची बेरीज करायचे. रोज पहिल्यापासून. कालच्या बेरजेत आजचा आकडा मिळवला असता तर दोन मिनिटांत काम झालं असतं, पण नाही.

"रोज पहिल्यापासून कशाला?" मी एकदा वैतागून विचारलं.

"कालची बेरीज चुकली आसंल तर?"

"आणि फूटपट्टी कशाला?"

"खालचं दिसू नये म्हनून." त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं. "फूटपट्टीच्या खाली बघायचं न्हाय, पोरी. खालचं दिसलं का मानूस ते धरून चालतंय."

हे शिक्षण कोणत्या शाळेतलं, ते मला फार नंतर कळलं. तात्यांचे वडील मेंढरं राखायचे. तात्या लहान असताना त्यांच्याबरोबर रानोमाळ हिंडले होते. संध्याकाळी मेंढरं वाघरीत घ्यायची, म्हणजे जाळीच्या कुंपणात, तेव्हा तोंडाशी उभं राहून मोजायचं काम तात्यांचं. एकदा त्यांनी वीस पावलांवरून येणारी चार मेंढरं दिसली म्हणून मोजून टाकली आणि जाळी बंद करायला वडिलांना सांगितलं. चारांतली दोन ओढ्याकडे वळली आणि सकाळी नुसती लोकर सापडली. वडिलांनी मारलं नाही. एवढंच सांगितलं की जी आत आली ती मोजायची, वाटेवर आहेत ती मोजायची नाहीत. तात्या हे सांगताना थांबले आणि कानावरची पेन्सिल उगाच काढून परत तिथंच ठेवली.

मी मात्र माझ्या नादात होते. महिनाभरात मी तात्यांचं सगळं रजिस्टर एक्सेलमध्ये उतरवलं. एका रकान्यात तारखा, मार्चअखेरपर्यंत. शेजारच्या रकान्यात पोती. पुढच्या दिवसांच्या जागी अंदाज आधीच भरून ठेवले. रोज सकाळी त्या दिवसाचा अंदाज पुसायचा आणि खरा आकडा टाकायचा. आता सगळ्या रकान्याची बेरीज घेतली तर मार्चपर्यंतची येणार, आणि बोर्डाला हवी आजपर्यंतची. मग मी एक सूत्र बसवलं. कोपऱ्यातल्या चौकोनात मी एक तारीख लिहायची, आणि ज्या ओळींची तारीख तिच्याइतकी किंवा तिच्या आधीची असेल तेवढ्याच ओळींतली पोती यंत्रानं मिळवायची. रोज सकाळी मी आदल्या दिवसाची, म्हणजे मिटलेल्या दिवसाची, तारीख टाकायचे आणि बेरीज तयार.

तात्यांना बोलावून दाखवलं. ते वहाणा काढून आले. त्यांच्या कागदावरची बेरीज आणि पडद्यावरची बेरीज तंतोतंत जुळली. मी ऐटीत बसले होते. तात्यांनी कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं.

"म्हंजे ही तारीख तुझी फूटपट्टी," ते म्हणाले.

मला ते आवडलं. आपल्या सूत्राचं इतकं नेमकं वर्णन माझ्या सरांनीही केलं नसतं.

"आन् ह्यात पेन्सिल कुठली, पेन कुठला?"

"म्हणजे?"

"अंदाज कुठला आन् खरं कुठलं, ते मशिनीला कसं कळतं? दोनी आकडं सारखंच काळं दिसत्यात."

मी हसले. अगदी मोठ्यानं हसले, ते आता आठवलं की कान गरम होतात. म्हणाले, "तात्या, कंप्युटरला पेन्सिल लागत नाही."  ते वहाणा घालून आपल्या टेबलाशी गेले आणि पुन्हा पहिल्यापासून बेरीज करू लागले.

या यंत्रावर त्यांचा राग होता असं मात्र नाही. पुढच्या हंगामातली गोष्ट, तोवर कोपऱ्यातली तारीख यंत्र स्वतःच्या घड्याळावरून घेऊ लागलं होतं. एका सकाळी कंप्युटर चालू केला तर आजअखेर पोती शून्य.  शोधता शोधता कळलं की आतली छोटी बॅटरी संपली होती आणि यंत्राचं घड्याळ थेट १ जानेवारी १९८० वर जाऊन बसलं होतं. त्या तारखेपर्यंत या हंगामाचं एकही पोतं निघालेलं नव्हतं, म्हणून यंत्रानं इमानदारीत शून्य सांगितलं. तात्यांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नाही. "बराबर हाय की!" ते मांडीवर थाप मारून म्हणाले. "आपल्या वक्ताला हुतं तेवढंच सांगतंय. मानसापरीस इमानी हाय." नवी बॅटरी बारामतीहून येईपर्यंत दोन दिवस ते येईल त्याला बोलावून ते शून्य दाखवत होते.

तात्या निवृत्त झाल्यावर मी त्यांना भेटायला दोनदा शेळगावला गेले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा ते खाटेवर होते. आवाज खोल गेला होता. भिंतीवरच्या कॅलेंडरात पेन्सिलीच्या बऱ्याच खुणा होत्या, नातवाची शाळा, डॉक्टरची तारीख. मी शेजारी बसले तर पहिला प्रश्न, "आजअखेर पोती किती?" मी सांगितली. त्यांनी डोळे मिटून आकडा मनात कुठंतरी ठेवला. महिन्याभरानं ते गेल्याचं कळलं. दहाव्याला गेले तेव्हा काकींनी कागदात गुंडाळलेली ही फूटपट्टी माझ्या हातात दिली. "तुला द्या म्हनालं," एवढंच त्या बोलल्या. मी घरी येईपर्यंत एसटीत रडत होते, आणि शेजारची बाई मला विचारत होती की शाळेत शिकवतेस का.

पण सांगायचं होतं ते लाखाव्या पोत्याचं.

ज्या हंगामात मी लागले, त्याच हंगामात डिसेंबरात तात्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, बारामतीला. आठ दिवस रजा. तेवीस वर्षांत त्यांनी एवढी रजा घेतली नव्हती. जाताना मस्टर, रजिस्टर, फूटपट्टी असं सगळं माझ्या टेबलावर आणून ठेवलं. "सांभाळ," म्हणाले.

मी सांभाळण्याऐवजी सुधारणा केली. रोज सकाळी हातानं तारीख टाकायचा मला कंटाळा आला होता. एक्सेलला आजची तारीख आपोआप कळते, तशी सोय त्यात असते. मी कोपऱ्यातल्या चौकोनात ती सोय बसवली. आता काही करायला नको. दिवस उजाडला की तारीख पुढं, तारखेबरोबर बेरीज पुढं. फूटपट्टी आपली आपण सरकणार. मी स्वतःवर इतकी खूश झाले की त्या दिवशी कँटीनमध्ये एकटीनं दोन वडापाव खाल्ले.

दुसऱ्या दिवशी बोर्डावर आकडा लिहिला. वरकुट्याचा एक म्हातारा बागायतदार रोज गेटवर येऊन बोर्ड वाचायचा. तो म्हणाला, "बाई, आजअखेरचा आकडा एका दिसात पाच हजारानं कसा वाढला? कारखान्यानं काय दोन दिसाचं एकदम गाळलं का?"

"कंप्युटर चुकत नाही, मामा," मी म्हणाले.

तो मान हलवत गेला. मी हात झटकले आणि आत आले. आज सांगते, माझ्या आयुष्यात मी इतकं मूर्ख वाक्य दुसरं बोललेले नाही.

सोमवारी एम.डी. साहेबांनी बोलावलं. आमच्याकडे लाखावं पोतं निघालं की त्याची पूजा करायची रीत आहे. चेअरमन सपत्नीक येतात, पोत्याला हळदकुंकू, हार, नारळ, फोटो, पेढे. सभासद येतात. भाग्याचं पोतं म्हणून लोक त्याला हात लावतात. "लाख कधी भरतील?" साहेबांनी विचारलं. मी यंत्रात गुरुवारची तारीख घालून बघितली. लाखाच्या वर तेराशे. "गुरुवारी सकाळी पूजा ठेवा सर," मी सांगितलं. साहेबांनी माझ्यासमोरच चेअरमनसाहेबांना फोन लावला. "बघा, कंप्युटर घेतल्याचा फायदा," ते फोनवर म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. मी त्या क्षणी कायम झाले होते. आप्पांचं इंदापूर मी मनातल्या मनात परत पाठवून दिलं.

गुरुवारी सकाळी गोदामापुढं मांडव. सतरंज्या, खुर्च्या, भटजी. एका पोत्यावर लाल रंगात 'लाखावे पोते' असं लिहून त्याला झेंडूचा हार घातलेला. मी नवी साडी नेसले होते. साडेनऊ वाजता गेटमधून लुना आत आली. त्यांचा मुलगा चालवत होता आणि तात्या मागं बसले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी. रजा अजून दोन दिवस बाकी होती. लाखाव्या पोत्याचं ऐकून डॉक्टरशी भांडून आले होते.

मांडवात न जाता ते आधी बोर्डापाशी गेले. एका डोळ्यानं वाचला. मग गोदामकीपरच्या वहीत बघितलं. मग खोलीत माझ्यापुढं येऊन उभे राहिले, वहाणा बाहेर काढून.

"पोरी, आजचा दिस कवा मिटंल?"

"उद्या पहाटे चारला."

"मग आजची पोती कशी मोजलीस?"

मी पडद्याकडे बघितलं. आजच्या ओळीत चोवीसशे. अंदाज. आज दिवसभरात निघतील म्हणून मीच भरून ठेवलेला. यंत्राला आजची तारीख दिसली आणि त्यानं ती ओळ भरलेली समजून मिळवून टाकली. आठवडाभर रोज तेच. बोर्ड रोज एक दिवस पुढं पळत होता. वरकुट्याच्या म्हाताऱ्यानं वाचलं, मी नाही.

"ह्यात पेन्सिल न्हाय म्हनालीस," तात्या हळू म्हणाले. रागानं नाही. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.

मी रडायला लागले. नोकरी, आप्पा, संक्रांत, सगळं एकदम डोळ्यापुढं आलं. तात्यांनी रजिस्टर ओढलं, फूटपट्टी बुधवारच्या ओळीखाली लावली आणि एका डोळ्यानं, पहिल्यापासून, बेरीज सुरू केली. बाहेर चेअरमनसाहेबांची गाडी आल्याचा आवाज झाला. तात्यांनी बेरीज सोडली नाही.

मांडवात ते गेले आणि मी मागं मागं. एम.डी. साहेबांच्या कानाशी त्यांनी काहीतरी सांगितलं. साहेबांचा चेहरा उतरला. ते दबक्या आवाजात म्हणाले, "तात्या, कोणाला कळणारे? हार घातलाय, नारळ फोडू आणि मोकळे होऊ. पोतं ते पोतं."

"फोडा की," तात्या म्हणाले. "बोर्डावर मातुर माझ्या हातानं लाख लिवणार न्हाय."

हे मात्र त्यांनी दबक्या आवाजात म्हटलं नाही. चेअरमनसाहेब वळले.

"काय झालं तात्या?"

"पोती कमी हायती, साहेब."

"किती?"

"आत्ता या घडीला चारशे ब्याण्णव."

"मग लाखावं पोतं कुठाय?"

तात्यांनी हात लांब केला. वजनकाट्यापाशी उसाच्या बैलगाड्या रांगेनं उभ्या होत्या. "लाखावं पोतं अजून उसात हाय, साहेब. त्या गाड्यांत कुठंतरी आसंल."

मांडवात कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. चेअरमनसाहेब हसले नाहीत. त्यांनी एम.डी. साहेबांकडे बघितलं. "गुरुवार कोणी सांगितला?"

एम.डी. साहेबांची मान माझ्याकडे वळायला लागली. ती पुरी वळायच्या आत तात्या बोलले, "माझ्या टेबलानं सांगितला. मी रजेवर हुतो, पर टेबल माझंच हाय. चूक माझी."

तेवीस वर्षांत एक बेरीज न चुकलेल्या माणसानं, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून, दोनशे लोकांसमोर हे सांगितलं. मला ओरडून सांगायचं होतं की खोटं आहे. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

चेअरमनसाहेबांनी तात्यांकडे, मग गाड्यांकडे बघितलं आणि खुर्ची ओढली. "तासाला किती निघतात?"

"शंभर."

"म्हणजे तीन वाजतील. बसूया मग. उसात आहे तर येईल." त्यांनी भटजींना विचारलं, "तीनला मुहूर्त आहे का?" भटजींनी पंचांग उघडलं आणि कमाल म्हणजे तीनला मुहूर्त निघाला, सकाळच्यापेक्षा चांगला.

मग जे झालं तसं त्या कारखान्यात आधी झालं नव्हतं. तात्या पोती शिवायच्या यंत्राजवळ खुर्ची टाकून बसले आणि सरकत्या पट्ट्यावरून पोतं गेलं की कागदावर पेनानं एक रेघ. हार घातलेल्या पोत्याचा हार काढून त्याला त्याच्या नंबरानं गोदामात पाठवलं. दुपारी सभासद जेवून परत आले. शेवटची शंभर पोती राहिली तेव्हा सगळा मांडव उठून पट्ट्याशी आला आणि लोक मोठमोठ्यानं मोजायला लागले, चेअरमनीणबाईसुद्धा. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णवला एकदम शांतता झाली. मग ते आलं. बाकीच्यांसारखंच पोतं. चेअरमनसाहेबांनी हार घालताना हात लावला आणि म्हणाले, "अरे, गरम आहे!" मग प्रत्येकानं हात लावून बघितला. वरकुट्याचा म्हाताराही पुढं झाला, मी त्याला वाट करून दिली.

जाताना एम.डी. साहेब मला एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी भेटा." त्या आवाजावरून मी घरी जाऊन आप्पांना सांगून टाकलं की नोकरी गेली.  आई रात्री भाकरी थापताना नुसती माझ्याकडे बघत होती.

सकाळी मी खोलीत गेले तेव्हा एम.डी. साहेब आधीच तिथं उभे होते, तात्यांच्या टेबलापाशी, मस्टर हातात घेऊन. तात्या समोर बसलेले, हिरव्या पट्टीसकट.

"हे कोणी केलं?" साहेबांनी मस्टर टेबलावर ठेवलं.

शेवटच्या ओळीत माझं नाव निळ्या शाईत होतं. पेन्सिलीच्या अक्षरांवरून सावकाश गिरवलेलं. एका डोळ्यानं गिरवल्यामुळं दोन ठिकाणी रेघ बाहेर गेली होती आणि तिथं खालची पेन्सिल दिसत होती.

"म्या," तात्या म्हणाले.

"मी अजून काही ठरवलेलं नाही तात्या. ही कच्ची आहे. खोडा ते."

"पेनानं लिवलंय, साहेब. मस्टरात खाडाखोड चालत न्हाय. तुमचाच नियम हाय."

साहेबांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली.  मग त्यांनी खिशातून पेन काढला, नावापुढं आपली बारीक सही केली आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

मी टेबलापाशी गेले. बोलायचं खूप होतं, पण एवढंच बोलले, "तात्या, कालची चूक माझी होती. तुम्ही तर घडलेलंच पेनानं लिहिता."

त्यांनी मस्टर माझ्याकडे सरकवलं आणि फूटपट्टी माझ्या नावाच्या ओळीखाली लावली.

"घडलंय की," ते म्हणाले. "दुसरं कुनी आसतं तर काल पळून गेलं आसतं, तू तीनपातुर हितंच उभी हुतीस. आत आली, ती मोजायची."

मी सही केली. मग कंप्युटर चालू करून पोत्यांच्या शेजारी एक नवा रकाना आखला, त्याच्या डोक्यावर 'अंदाज' असं लिहिलं, आणि कालची खरी पोती भरायला बसले.